एक मेसेज अडकला आणि दुकान बंद पडलं: लोड टेस्टमध्ये डेटाबेस कनेक्शन का संपतात?



या वेळच्या व्हिडिओत आपण वेबसाइटची लोड टेस्ट प्रत्यक्ष चालवून बघितली. पण व्हिडिओत आकडे भराभर सरकतात आणि एररचे मेसेज वाचायला वेळ मिळत नाही. म्हणून तोच विषय इथे सावकाश लिहितोय. तुमचं काम डेव्हलपर बघत असेल, तर लेख त्याला जरूर पाठवा. पण आधी स्वतः वाचा. कारण शेवटी पाच प्रश्न दिलेत, ते तुम्ही त्याला विचारायचे आहेत.

गेल्या वर्षी काय झालं होतं

दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एका ताईंची ही गोष्ट. चकली, चिवडा, करंज्या, अनारसे, लाडू, सगळं मिळून एक 'संपूर्ण फराळ डबा'. हे डबे परदेशातही जातात. तिकडे वेळेत पोचायचे तर ते लवकर निघावे लागतात, म्हणून ताई घटस्थापनेला सकाळी १० वाजता ऑनलाइन बुकिंग उघडतात. हाताखाली जितक्या बायका तितकेच डबे होणार, त्यामुळे संख्या ठरलेली असते. गिऱ्हाईकही हुशार, बरोबर १० वाजता मोबाइल हातात घेऊन बसतं.

गेल्या वर्षी पहिली काही मिनिटं ऑर्डरी आल्या. मग साइटवर नुसतं चक्र फिरायला लागलं. कुणाचे पैसे कापले गेले, पण ऑर्डर दिसेना. होस्टिंगवाल्याने सर्व्हर रीस्टार्ट केला, साइट चालू झाली. अर्ध्या तासात पुन्हा तेच. दुपारपर्यंत ताई फराळाचं काम सोडून फोनवर माफी मागत होत्या.

पैसे सगळ्यांना परत दिले. पण 'त्यांच्याकडे मागच्या वेळी घोळ झाला होता' हे वाक्य एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं की ते परत घेता येत नाही.

सगळ्यांनी निष्कर्ष काढला की सर्व्हर लहान पडला. मग मोठा घेतला, ४ कोअर आणि ८ जीबी मेमरीचा. या वर्षी ताई मला म्हणाल्या, "सर, आता काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "ताई, टेस्ट केल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही."

कनेक्शन म्हणजे तिकीट खिडकी

आधी कनेक्शन म्हणजे काय ते समजून घेऊ. तुमची वेबसाइट आणि डेटाबेस ही दोन वेगळी माणसं आहेत. साइटला काहीही विचारायचं किंवा लिहायचं असेल, तर डेटाबेसशी एक कनेक्शन लागतं. स्टेशनवरच्या तिकीट खिडक्या डोळ्यांसमोर आणा. खिडक्या मोजक्याच असतात. मायएसक्यूएलमध्ये काहीच बदललं नसेल तर कमाल १५१ कनेक्शन मिळतात, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १००.

दर वेळी नवी खिडकी उघडायला वेळ लागतो. म्हणून साइट काही कनेक्शन उघडून आपल्याजवळ ठेवते आणि तीच आलटून पालटून वापरते. याला कनेक्शन पूल म्हणतात.

आता रांग कशामुळे वाढते? माणसं जास्त असली की वाढते, हे कुणीही सांगेल. पण खिडकीवर उभा राहून कुणी घरी फोन लावला, "अगं, तारीख बारा का तेरा?", तर माणसं तेवढीच असूनही रांग स्टेशनाबाहेर जाते. आजच्या लेखाचं सार एवढंच आहे. खिडक्या किती आहेत हे नंतर बघा. खिडकी अडवून कोण उभा आहे हे आधी बघा.

पहिली टेस्ट: पास, पण खोटी

ताईंच्या साइटचं काम एक तरुण डेव्हलपर बघतो. साइट नोड जेएसवर आहे, डेटाबेस मायएसक्यूएल. त्याने जेमीटर हे मोफत टूल वापरून ५० गिऱ्हाइकं एकाच वेळी ऑर्डर देतायत अशी टेस्ट लावली. सगळं हिरवंगार. तो खूश, ताई खूश.

मी विचारलं, "ऑर्डर झाल्यावर गिऱ्हाइकाला एसएमएस जातो, तो टेस्टमध्ये गेला का?"

"नाही सर, तो बंद ठेवला. प्रत्येक मेसेजचे पैसे लागतात ना."

एसएमएस बंद ठेवला हे बरोबरच केलं. पण तेवढ्याने टेस्ट खोटी ठरली. घटस्थापनेच्या सकाळी मेसेज जाणारच आहेत, आणि बाहेरची सेवा कधी झटकन उत्तर देईल, कधी रेंगाळेल, कधी देणारच नाही. म्हणून आम्ही एक नकली मेसेज सेवा लिहिली. काम एकच, दीड सेकंद थांबायचं आणि 'झालं' म्हणायचं. शिवाय मधूनच, मुद्दाम, एखादा मेसेज फेल करायचा. आणि गिऱ्हाइकं ५० वरून २०० केली.

दुसरी टेस्ट: टू मेनी कनेक्शन्स

काही सेकंदांतच लाल ओळींचा पाऊस. एरर क्रमांक १०४०, 'टू मेनी कनेक्शन्स'.

डेव्हलपर म्हणाला, "सर, पण पूल मी ५०चाच ठेवलाय. १५१ ओलांडेलच कसं?"

इथे भलेभले फसतात. नोडचं ॲप त्याने पीएम-टू वापरून क्लस्टर मोडमध्ये चालवलं होतं. सर्व्हर ४ कोअरचा, म्हणून ॲपच्या ४ प्रती. प्रत्येक प्रतीचा पूल वेगळा. चार गुणिले पन्नास, म्हणजे २००. गंमत बघा, जुन्या २ कोअरच्या सर्व्हरवर हाच आकडा १०० होता, मर्यादेच्या आत. मोठा सर्व्हर घेतला आणि नवीनच एरर विकत घेतली!

म्हणून हे सूत्र पाठ करा: पूलचा आकार × ॲपच्या प्रती = डेटाबेसवरची कमाल कनेक्शन. त्यात रात्री चालणारे रिपोर्ट, बॅकअप आणि ॲडमिन पॅनेलची कनेक्शनही मिळवा. ही बेरीज डेटाबेसच्या मर्यादेपेक्षा बरीच खाली हवी.

"मग मर्यादा ५०० करतो की," डेव्हलपर म्हणाला. म्हटलं, कर, बघू काय होतं ते.

तिसरी टेस्ट: शांत मृत्यू

१०४० गायब झाला. काही ऑर्डरी सरकल्या. आणि मग सगळं थांबलं. एररही नाही, उत्तरही नाही. ५० सेकंदांनी नवीन एरर यायला लागली, क्रमांक १२०५, 'लॉक वेट टाइमआउट एक्सीडेड'.

आम्ही जेमीटर बंद केलं. साइटवर आता एकही गिऱ्हाईक नाही. मी माझ्या मोबाइलवरून एक ऑर्डर टाकून बघितली. चक्र फिरतच राहिलं.

ताई बाजूलाच बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, हेच! गेल्या वर्षी अगदी हेच झालं होतं."

मित्रांनो, टेस्टिंगमध्ये यापेक्षा चांगला क्षण नसतो. जुना आजार डोळ्यांसमोर पकडला गेला. अशा वेळी रीस्टार्टच्या बटणाला हात लावू नका, पुरावा पुसला जातो. आधी डेटाबेसमध्ये 'शो फुल प्रोसेसलिस्ट' ही कमांड चालवा. कोणती कनेक्शन उघडी आहेत, प्रत्येक काय करतंय, किती सेकंदांपासून, हे सगळं ती दाखवते.

आमच्या यादीत बरीच कनेक्शन 'अपडेटिंग' म्हणत होती. सगळी एकाच कामावर अडकलेली, फराळ डब्याची शिल्लक संख्या एकाने कमी करणे. बाकीची 'स्लीप', म्हणजे झोपलेली. डेव्हलपर 'अपडेटिंग'वाल्यांकडे बोट दाखवत होता. पण ते बिचारे रांगेत उभे होते. चोर झोपलेल्यांमध्ये होता.

पूलमधलं मोकळं कनेक्शनही 'स्लीप' दिसतं आणि ट्रान्झॅक्शन अर्धवट सोडून बसलेलंही 'स्लीप'च दिसतं. फरक ओळखायला मायएसक्यूएलच्या इन्फर्मेशन स्कीमामधलं 'इनोडीबी टीआरएक्स' हे टेबल बघायचं. त्यात उघडी ट्रान्झॅक्शन आणि ती सुरू झाल्याची वेळ मिळते. कोण कुणाला अडवतंय हे थेट बघायचं असेल, तर 'सिस' डेटाबेसमध्ये 'इनोडीबी लॉक वेट्स' हा व्ह्यू आहे.

सापडलं. एक कनेक्शन, झोपलेलं, पण त्याचं ट्रान्झॅक्शन ११ मिनिटांपासून उघडं. फराळ डब्याच्या ओळीचं कुलूप त्याच्याच खिशात. 'किल' कमांड देऊन तेवढं एक कनेक्शन तोडलं, आणि माझ्या मोबाइलवर लगेच आलं, 'ऑर्डर यशस्वी'.

त्या एका कनेक्शनने काय केलं होतं?

कोड उघडला. ऑर्डरच्या पायऱ्या अशा होत्या: पूलमधून कनेक्शन घ्या. ट्रान्झॅक्शन सुरू करा. ऑर्डर लिहा. डब्यांची संख्या एकाने कमी करा. गिऱ्हाइकाला एसएमएस पाठवा. कमिट करा. कनेक्शन पूलला परत द्या.

वाचताना किती सरळ वाटतं! पण यात दोन घोळ आहेत.

पहिला घोळ, एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या आत. संख्या कमी केल्या क्षणी त्या ओळीला कुलूप लागतं, ते कमिटपर्यंत सुटत नाही. म्हणजे दीड सेकंद मेसेजची वाट बघताना कुलूपही खिशात आणि खिडकीही अडवलेली. हाच तो खिडकीवरून घरी फोन लावणारा माणूस. सगळ्यांना एकच डबा हवा, म्हणजे एकच ओळ. दीड सेकंदाला एक ऑर्डर, मिनिटाला ४०. लॉकसाठी मायएसक्यूएल मुळात ५० सेकंद थांबतं. त्यामुळे २०० माणसं एकदम आली तर साधारण पहिल्या ३३ जणांचं काम होणार, बाकीच्यांना एरर. सर्व्हर ८ जीबीचा असो की ८० जीबीचा, हा हिशोब बदलत नाही.

दुसरा घोळ जास्त वाईट. एसएमएस फेल झाला तर कोड तिथूनच बाहेर पडत होता. कमिट नाही, रोलबॅक नाही, कनेक्शन परतही नाही. कुलूप खिशात घेऊन माणूस स्टेशनातच झोपला. मायएसक्यूएल अशा झोपलेल्या कनेक्शनला किती वेळ सहन करतं माहीत आहे? मूळ सेटिंग २८,८०० सेकंद आहे, म्हणजे ८ तास! म्हणजे एक मेसेज फेल झाला की डब्याचं बुकिंग दिवसभर बंद. रीस्टार्ट केलं की कनेक्शन तुटतं, अर्धवट व्यवहार रद्द होतो, कुलूप सुटतं आणि साइट चालू होते. पुढचा मेसेज फेल होईपर्यंत. पैसे कापले पण ऑर्डर नाही, याचंही उत्तर इथेच होतं. पैसे आधी गेले आणि ऑर्डरची नोंद त्या रद्द झालेल्या व्यवहारात पुसली गेली.

दुरुस्ती: दोन बदल आणि एक आकडा

एक. एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढला. आता ऑर्डरबरोबर 'पाठवायचे मेसेज' नावाच्या टेबलात एक ओळ लिहिली जाते आणि लगेच कमिट होतं. एक वेगळा छोटा प्रोग्रॅम ते टेबल बघून मेसेज पाठवतो. फेल झाला तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. हाच नियम ईमेल, कुरिअरची नोंद, पीडीएफ बिल, सगळ्यांना लावा. कुलूप हातात असताना बाहेरच्या कुणाशीही बोलायचं नाही.

दोन. काहीही बिघडलं तरी रोलबॅक होईल आणि कनेक्शन परत जाईल अशी व्यवस्था केली. प्रोग्रॅमिंगमध्ये त्यासाठी 'फायनली' असतं. पूलमधून जिथे जिथे कनेक्शन घेतलंय, तिथे तिथे 'फायनली' आहे का, हे कोडभर शोधून बघा. एक जागा सुटली तरी पुरते.

आता आकडा. पूल किती ठेवायचा? जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दल एक नियम सिद्ध केला, तो इथे चपखल बसतो. सेकंदाला येणारी कामं गुणिले प्रत्येक काम कनेक्शन धरून ठेवतं तो वेळ, म्हणजे सरासरी लागणारी कनेक्शन. समजा सेकंदाला ६० कामं येतात. प्रत्येकाने दीड सेकंद कनेक्शन धरलं तर ९० लागतील. प्रत्येकाने सेकंदाचा विसावा भाग धरलं तर फक्त ३. गर्दी तीच!

आम्ही पूल ५० वरून १० वर आणला. चार प्रतींचे मिळून ४०. डेटाबेसची मर्यादा ५०० वरून परत १५१ केली, कारण प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं आणि ४ कोअरवर शेकडो कामं एकदम सोडली की सगळीच हळू होतात. नोडच्या पूलमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. मायएसक्यूएल-टू ही लायब्ररी पूल भरल्यावर मूळ सेटिंगनुसार कितीही लांब रांग लावू देते. तिथे मर्यादा घाला, म्हणजे गिऱ्हाइकाला चक्राऐवजी 'कृपया एका मिनिटाने प्रयत्न करा' असं दिसेल.

चौथी टेस्ट लावली. तीच २०० गिऱ्हाइकं, तीच दीड सेकंदाची नकली सेवा, तेच मुद्दाम फेल केलेले मेसेज. कुलूप आता सुमारे ३० मिलिसेकंद लागत होतं. सगळ्या ऑर्डरी दहा सेकंदांच्या आत नोंदल्या गेल्या, आणि डब्यांची शिल्लक बरोबर २०० ने कमी झाली. ही शेवटची गोष्ट तपासायला विसरू नका. साइट वेगवान आहे पण डबे चुकीचे मोजते, तर काय उपयोग?

एरर काय सांगते, थोडक्यात

*कनेक्शन रिफ्यूज्ड:* त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाहीये. डेटाबेस बंद पडलाय किंवा पोर्ट चुकलाय. मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट ३३०६, पोस्टग्रेचा ५४३२.

*कनेक्शन टाइम्ड आउट:* हाक मारली, उत्तरच नाही. बऱ्याचदा मध्ये फायरवॉल असते.

*ॲक्सेस डिनाइड:* दार सापडलं, पण नाव किंवा पासवर्ड चुकला. लोडशी याचा सहसा संबंध नसतो.

*टू मेनी कनेक्शन्स:* खिडक्या संपल्या. आधी पूल गुणिले प्रती हा हिशोब करा, मग खिडकी अडवणारा शोधा.

*पूलकडून टाइमआउट:* डेटाबेस ठीक आहे, तुमच्या ॲपचाच पूल रिकामा झालाय. जावावाल्यांच्या हिकारी पूलमध्ये मूळ आकार १० आणि वाट बघण्याची मर्यादा ३० सेकंद असते. त्यात कनेक्शनची गळती पकडायची सोयही आहे, टेस्टच्या वेळी ती चालू करा.

*पोस्टग्रे वापरणाऱ्यांसाठी:* तिथे एरर 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' अशी येते. 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी'मध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसलं की समजा, तुमचा झोपलेला चोर तोच. अशांना ठरावीक वेळाने आपोआप तोडायचं सेटिंग पोस्टग्रेमध्ये आहे, पण ते मुळात बंद असतं.

वर्डप्रेसवाल्यांनो, तुमच्या साइटवर 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' एवढंच दिसतं. त्यामागे वरच्यापैकी कुठलंही कारण असू शकतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधा.

टेस्ट करताना सांभाळा

चालू दुकानावर टेस्ट करू नका. साइटची वेगळी प्रत करा, पेमेंट गेटवे टेस्ट मोडवर ठेवा, आणि होस्टिंगवाल्याला आधी कळवा, नाहीतर त्याला हल्ला झाल्यासारखं वाटेल. जेमीटर साइटच्याच सर्व्हरवर चालवू नका, आणि खरी टेस्ट त्याच्या खिडकीतून न चालवता कमांड लाइनवरून चालवा. गर्दी टप्प्याटप्प्याने वाढवा, म्हणजे नेमकं कुठे मोडलं ते कळतं. आणि टेस्ट संपल्यावर पाच मिनिटं थांबून एक ऑर्डर हाताने टाकून बघा. आमचा चोर तिथेच सापडला.

डेव्हलपरला विचारायचे पाच प्रश्न

१. आपला पूल किती, ॲपच्या प्रती किती, आणि डेटाबेसची मर्यादा किती?

२. ट्रान्झॅक्शन उघडं असताना आपण बाहेरच्या कुठल्या सेवेशी बोलतो का?

३. मध्येच एरर आली तर कनेक्शन नक्की परत जातं का? दाखव.

४. टेस्टमध्ये बाहेरच्या सेवा हळू आणि फेल करून बघितल्या का?

५. साइट अडकली तर रीस्टार्टच्या आधी आपण काय नोंदवून ठेवणार?

उत्तरं तांत्रिक असली तरी घाबरू नका. ज्याने हे तपासलंय तो लगेच आकडा सांगतो. ज्याने तपासलेलं नाही तो म्हणतो, "सर्व्हर मोठा घेऊ."

आता शेवट सांगतो. या घटस्थापनेला १० वाजता बुकिंग उघडलं. त्या सकाळी एसएमएस सेवा नेमकी रेंगाळली, मेसेज पंधरा-वीस मिनिटं उशिरा गेले. ताईंना फोन आलेच, "मेसेज आला नाही हो." पण या वेळी त्या साइट उघडून बघू शकत होत्या आणि उत्तर देऊ शकत होत्या, "तुमची ऑर्डर आली आहे, काळजी करू नका." अकरा वाजता त्या चकलीच्या भाजणीकडे परत गेल्या.

तुमच्या धंद्याची घटस्थापना कधी आहे? आंब्याचं बुकिंग, शाळेचे प्रवेश, क्लासची नोंदणी, काहीही असो. कॅलेंडरवर त्याच्या महिनाभर आधी 'लोड टेस्ट' असं लिहून ठेवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.